‘गॅस संपतोच’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

एसीच्या गॅसगळतीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘एसीचा गॅस वर्षा-दोन वर्षांत संपतोच, भरला की विषय मिटला, तुम्ही उगाच लोकांना घाबरवता आणि मेकॅनिकना चोर ठरवता,’ असं तुम्ही लिहिलंय. शिवाय स्टॅबिलायझर, कॅपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) आणि लेखाची लांबी यांवरही शेरे मारलेत. लांबीचं मान्य, लेख आटोपशीर करता आला असता. पण ‘घाबरवता’ हे मला लागलं. आणि ‘चोर’ हा शब्द माझ्या लेखात कुठेच नाही, तो तुमचा आहे. मतभेद खुशाल असू द्या, पण न लिहिलेलं माझ्या माथी मारू नका.

आता ‘गॅस संपतोच’ याबद्दल. अहो, संपेल कसा? तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद तांब्याच्या नळ्यांत तोच तो फिरतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळला, आणि ती जागा न शोधता भरलेला नवा गॅसही तिथूनच जाणार. दर उन्हाळ्यात तीच दुरुस्ती करावी लागते ती यामुळेच.

जागा शोधायची तर आधी फ्लेअर नट (नळीचं पसरवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, आवळून धरणारा नट), सर्व्हिस पोर्टचा म्हणजे गॅस भरायच्या तोंडाचा व्हॉल्व्ह आणि घरातल्या युनिटमधल्या कॉईलचे बाक बघा. तेलकट डाग दिसला तर संशय तिथेच घ्या. नळी कापल्यावर कडा साफ केल्या नाहीत तर फ्लेअर नीट बसत नाही; जोर लावून आवळला तर चिरतो. पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर इतका आवळण्याचा जोर पुरे.

‘घरच्या एसीला नायट्रोजन कोण लावतं?’ असंही विचारलंत. ज्याला काम एकदाच करायचंय तो लावतो. गळती तपासायला एसीच्या पाटीवरची दाबाची मर्यादा न ओलांडता कोरडा नायट्रोजन भरायचा, सांध्यांना साबणाचा फेस लावायचा आणि गेजचा म्हणजे दाबमापकाचा काटा बराच वेळ हलत नाही ना ते पाहायचं. ऑक्सिजन चुकूनही भरू नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल खेचून दाब ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इतका कमी दाब मोजायचं एकक) उतरवायचा. पंप बंद केल्यावर आकडा थोडा चढून थांबला तर आत ओल आहे. चढतच राहिला तर गळती आहे. गॅस सोडून नळीतली हवा हाकलणं म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. आत राहिलेली ओल तेलात मुरते, आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरचं वाइंडिंग (मोटरची तारेची गुंडाळी) जातं. शेवटी गॅस पाटीवरच्या वजनाइतका, वजनकाट्यावर मोजून भरायचा. एसीच्या गॅसांपैकी आर-४१०ए हे मिश्रण आहे, ते द्रवरूपातच सोडावं लागतं. आर-३२ हा दुसरा गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून गळकी जागा तशीच ठेवून वर्षानुवर्षं भरत राहणं मला बेजबाबदारपणाच वाटतो.

हे मी ऐकीव लिहीत नाही. गेज आणि फ्लेअरिंग टूल हातात घेऊन हे काम केलंय, म्हणून ‘पुस्तकी ज्ञान’ हा टोमणा माझ्याकडे पाठवू नका. स्टॅबिलायझरवर वाद घालत बसत नाही. व्होल्टेज पडत असेल तर लावा, गळतीशी त्याचा संबंध नाही. कॅपॅसिटर मीटरवर मोजा, त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा (त्याच्या क्षमतेचा आकडा) बराच कमी आला तर बदला.

पुन्हा लिहाल तेव्हा भरलेल्या गॅसचं वजन आणि व्हॅक्यूमचा आकडा कळवा. आकडे नसतील तर यावर आणखी बोलण्यात मला रस नाही.