‘जर्मनीत शिक्षण फुकट, बारा लाख परत’: फॉरवर्डमधल्या सहा दाव्यांचा हिशेब

बारावीचे निकाल लागले, इंजिनीअरिंगच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या, की हा मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर हजर होतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच: “खासगी कॉलेजात पंधरा लाख ओतण्यापेक्षा मुलांना जर्मनीला पाठवा. शिक्षण पूर्ण फुकट. फक्त बारा लाख खात्यात दाखवायचे, ते परत मिळतात. राहण्याखाण्याचा खर्च पार्ट टाइममध्ये सुटतो. सगळं इंग्रजीतून, जर्मन यावं लागत नाही. बारावीनंतर थेट प्रवेश, साठ टक्के पुरेत. व्हिसा नाकारला तर फुकटात अपील.”

मेसेज सगळाच थापा असता तर कुणी फसलं नसतं. यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या तरी खऱ्या गोष्टीवर उभी आहे, आणि पुढची अट गाळलेली आहे. हिशेब सोपा जावा म्हणून खाली युरो शंभर रुपयांचा धरला आहे. २०२५च्या सुरुवातीला तो नव्वदीच्या आसपास होता आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात शंभरी ओलांडून गेला, हे मात्र घरचं बजेट मांडताना विसरू नका.

“शिक्षण पूर्ण फुकट”

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०१७-१८च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. श्टुटगार्ट, कार्ल्सरूऽ, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, मानहाइम ही आपल्याकडे सगळ्यांत जास्त विचारली जाणारी शहरं नेमकी याच राज्यात आहेत. चार सत्रांच्या मास्टर्सचे सहा लाख रुपये इथेच झाले. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत, महाराष्ट्राची या राज्याशी २०१५पासून भागीदारी आहे; म्हणून मराठी मुलांना फी माफ होते असं एखादा एजंट सांगत असेल तर ते खोटं आहे. सूट मिळते ती एक्स्चेंज करारातून आलेल्यांना आणि विद्यापीठाने ठरवलेल्या मोजक्या गटांना.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५पासून संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली: बॅचलर्सला सत्राला २,००० किंवा ३,०००, मास्टर्सला ४,००० किंवा ६,००० युरो. वरच्या दराने दोन वर्षांचे चोवीस लाख होतात. शिष्यवृत्तीच्या सवलती आहेत, पण त्या मागाव्या लागतात आणि सगळ्यांना मिळत नाहीत.

फी नसलेल्या ठिकाणीही सत्रशुल्क असतंच. ते साधारण १०० ते ४०० युरो. त्यात बहुतेक ठिकाणी लोकल, बस आणि प्रादेशिक रेल्वेचा पास येतो, त्यामुळे ते महाग वाटत नाही. पण भरल्याशिवाय नाव नोंदलं जात नाही.

आणि खासगी विद्यापीठं. ज्या ऑफिसात “हंड्रेड पर्सेंट अ‍ॅडमिशन”चा फलक असतो, तिथून बहुधा इकडेच पाठवणी होते, कारण कमिशन खासगी विद्यापीठं देतात. सरकारी विद्यापीठ एजंटाला दमडी देत नाही. खासगीची फी वर्षाला आठ-दहा लाखांपासून पुढे. अभ्यासक्रमाचा मोठा भाग ऑनलाइन असेल तर राहण्याचा परवाना नाकारला जाऊ शकतो. ऑफर लेटरवर प्रत्यक्ष हजेरीचा, पूर्णवेळ अभ्यासक्रम असं स्वच्छ लिहिलेलं आहे का, ते पैसे भरण्याआधी पाहा.

“बारा लाख फक्त दाखवायचे, ते परत मिळतात”

सगळ्यांत जास्त घोळ याच वाक्याने घातला आहे.

ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच ठेवायच्या खात्याची, रक्कम १ सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. ही रक्कम दाखवायची नसते, आधी पूर्ण जमा करायची असते. मग तुमच्याच खात्यात दरमहा ९९२ सुटतात आणि त्यावर तुम्ही जगता. वर्षअखेरीला खात्यात शून्य उरतं. एकरकमी परत मिळते ती मुख्यतः एकाच प्रसंगी: व्हिसा नाकारला गेला आणि ते पत्र दाखवून खातं बंद केलं तर.

९९२ हा आकडा आला कुठून तेही बघण्यासारखं आहे. जर्मन सरकार आपल्या विद्यार्थ्यांना जी मदत देतं तिची ही कमाल पातळी आहे: मूळ गरजांसाठी ४७५, भाड्यासाठी ३८०, आरोग्य विम्याला १०२ आणि शुश्रूषा विम्याला ३५. भाडं ३८० युरो! म्युनिकमध्ये शेअर्ड फ्लॅटमधली एक खोली सातशे-आठशेच्या खाली मिळणं मुश्कील. विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमाही, वय २३च्या वर असेल आणि मूल नसेल, तर १४०च्या पुढे जातो. भाडं ५५० आणि विमा १४५ धरला तर हातात २९७ उरतात; त्यात किराणा, मोबाइल, कपडे आणि दर घरामागे महिना १८.३६ युरोचं रेडिओ-टीव्हीचं प्रसारण शुल्क. तेच माग्डेबुर्ग किंवा केमनित्सच्या वसतिगृहात तीनशेची खोली मिळाली तर साडेपाचशे उरतात. शहर निवडताना रँकिंगच्या शेजारी भाड्याचा रकाना करा. दोन वर्षांत हा फरक सहा लाख रुपयांचा होतो.

आता मेसेजमध्ये अजिबात नसलेला खर्च. हे ९९२ युरो विमानातून उतरल्या दिवशी मिळत नाहीत. आधी घर, मग घरमालकाच्या सहीचं पत्र घेऊन पत्त्याची नोंदणी, मग जर्मन चालू खातं, मग ब्लॉक्ड अकाउंट सुरू करण्याची विनंती. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ मिळायलाच काही आठवडे जातात. तोपर्यंत लागणारी रक्कम अशी: डिपॉझिट हे मूळ भाड्याच्या, म्हणजे वीज-हीटिंग सोडून असलेल्या भाड्याच्या, तिपटीपर्यंत घेता येतं, ४०० मूळ भाडं असेल तर १,२०० युरो. पहिलं भाडं ५००, सत्रशुल्क ३००, राहण्याचा परवाना १००, विमा १४५, गादी-पांघरूण-भांडी २००. बेरीज २,४४५. हे अडीच लाख ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, फॉरेक्स कार्डवर हवेत. रोख परकीय चलन एका प्रवासात ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतं. डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क जर्मन कायद्याने भाडेकरूला दिला आहे, पण मालक तो आपणहून सांगत नाही. खोली न दाखवता “पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल” म्हणणारा मालक मात्र भामटा समजा.

पैसे पाठवतानाची एक बारीक चूक दरवर्षी अनेकांना नडते. बँकेच्या फॉर्मवर मधल्या बँकांचं शुल्क कुणी सोसायचं याचा रकाना असतो. तो समोरच्याकडे किंवा निम्मा-निम्मा टाकला, तर वाटेत वीस-तीस युरो कापले जातात, खात्यात ११,९०४ऐवजी ११,८७८ पोहोचतात आणि ब्लॉकिंगचं प्रमाणपत्र अडून बसतं. पन्नास-शंभर युरो जास्त पाठवा आणि सगळं शुल्क स्वतःकडे घ्या. रेमिटन्सचा उद्देशही तपासा. १ एप्रिल २०२५पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, लागत नाही. त्यावरच्या रकमेवर शिक्षणासाठी कमी दर आहे, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर टीसीएस नाहीच. बँकेने उद्देश ‘परदेशी खात्यात ठेव’ असा टाकला तर दर वीस टक्के. रिटर्न भरल्यावर ते पैसे वळते होतात, पण ऐन निघण्याच्या महिन्यात अडकून पडतात.

दुसऱ्या वर्षी काय? परवान्याचं नूतनीकरण करताना परदेशी नागरिक कार्यालय पुढच्या काळाची सोय पुन्हा विचारतं: नव्याने भरलेलं ब्लॉक्ड अकाउंट, नियमित पगाराच्या पावत्या, शिष्यवृत्ती किंवा जर्मनीत राहणाऱ्या कुणाचं रीतसर हमीपत्र. बारा लाख एकदा, हे गणित इथे मोडतं.

“पार्ट टाइममध्ये सगळा खर्च सुटतो”

कागदावर सुटतो, म्हणून या दाव्याला सरसकट खोटं म्हणता येत नाही. मार्च २०२४पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२६चं किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला वीस तास म्हणजे महिन्याला साधारण १,२०० युरो. पेन्शनचा हप्ता आणि स्वतःचा विमा वजा जाता साडेनऊशेच्या आसपास हातात.

पण ते वीस तास मिळायला हवेत. पहिल्या सत्रात कर क्रमांक, बँक, नवी परीक्षापद्धती यांतच दिवस जातात. जर्मन न येणाऱ्याला गोदाम, स्वयंपाकघर, साफसफाई यांपुरतीच कामं, आणि तीही बहुधा मिनीजॉबच्या, म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतच्या छोट्या नोकरीच्या, मर्यादेत: २०२६मध्ये महिन्याला ६०३ युरो. आपल्या विषयातली वेर्कश्टुडेंटची, म्हणजे शिकता शिकता कंपनीत करायची, नोकरी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या सत्रापासून मिळू लागते, तीही भाषा आणि गुण दोन्ही बरे असतील तर. विद्यापीठातलं सहायकाचं काम मिळालं तर सोडू नका, ते १४० दिवसांत मोजलं जात नाही.

अर्धा दिवस म्हणजे चार तासांपर्यंत. पाचव्या तासाला पूर्ण दिवस मोजला जाऊ शकतो. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम करायला वेगळी परवानगी लागते. जर्मनीत बसून भारतातल्या क्लायंटचं फ्रीलान्स करणंही त्यातच येतं. अनेक विषयांत एका परीक्षेला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की तो अभ्यासक्रम जर्मनीत कायमचा बंद. गोदामातल्या रात्रपाळीची खरी किंमत ही आहे.

पहिल्या वर्षाचं बजेट मांडताना नोकरीची कमाई शून्य धरा.

“जर्मन लागत नाही”

वर्गात लागत नाही, आणि तेही मुख्यतः मास्टर्सला. सरकारी विद्यापीठांतले बहुसंख्य बॅचलर्स जर्मनमधून चालतात. घरमालक, डॉक्टर, नोंदणी कार्यालय, कामाची मुलाखत, सगळीकडे जर्मन. पुणे-मुंबईच्या मॅक्स म्यूलर भवनात किंवा बऱ्या शिकवणीत बी-वन या मधल्या पातळीपर्यंत जायला नेटाने आठ-दहा महिने द्या. तिथे गेल्यावर शिकू, हा बेत पहिल्या असाइनमेंटबरोबर बारगळतो.

“बारावीनंतर थेट, साठ टक्के पुरे”

भारतीय बारावी एकटी जर्मन बॅचलर्सला पुरत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असाल तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांचं दार उघडतं. नाहीतर मान्यताप्राप्त भारतीय विद्यापीठात त्याच शाखेचं एक वर्ष यशस्वी करावं लागतं, किंवा तिकडे श्टुडिएनकोलेगचं, म्हणजे विद्यापीठपूर्व तयारीचं, वर्ष. जेईई मेनवर भागत नाही.

मास्टर्ससाठी गुण एका सूत्रातून बदलले जातात. सर्वोच्च गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला सर्वोच्च वजा उत्तीर्णतेच्या गुणांनी भागा, तीनने गुणा, एक मिळवा. १ सर्वोत्तम, ४ काठावर. उत्तीर्णता ४० असेल तर साठ टक्क्यांचे ३.० होतात. मागणी असलेले अनेक अभ्यासक्रम २.५च्या अलीकडचेच घेतात, म्हणजे सत्तर टक्के. गुण बसले तरी विषयांची क्रेडिट्स जुळावी लागतात. म्हणून आपल्या विद्यापीठाचा सविस्तर, शिक्क्याचा अभ्यासक्रम आधीच काढून ठेवा. परीक्षा विभागातून तो मिळायला लागणारा वेळ व्हिसाच्या रांगेपेक्षा कमी नसतो.

नोव्हेंबर २०२२पासून एपीएस, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे, शुल्क १८,००० रुपये. अनेक विद्यापीठांचे अर्ज स्वीकारणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेमार्फत पहिला अर्ज ७५ युरो, त्याच सत्रातला पुढचा प्रत्येक ३०. सहा अर्जांचे २२,५०० रुपये झाले. आयईएलटीएस, ७५ युरोंचा व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंटचं शुल्क आणि तिकीट धरून निघण्याआधीच सव्वा लाख जातात. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. आधीच्या वर्षाच्या दिवाळीत एपीएसला लागला नाहीत तर मार्च-मेमध्ये संपणाऱ्या मुदती हुकतात.

कर्ज काढणार असाल तर बँकेला आधी विचारा, ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम मंजूर कर्जात बसते का. फी नसल्यामुळे जवळजवळ सगळं कर्ज राहण्याच्या खर्चाचं दिसतं आणि काही शाखा तिथेच अडतात. सरकारी बँकांत साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात, पंधरा टक्के स्वतःचा वाटाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते.

“व्हिसा नाकारला तर फुकटात अपील”

१ जुलै २०२५पासून ही सोय बंद झाली. पूर्वी दूतावासाकडे फेरविचाराचा विनाशुल्क अर्ज करता यायचा. आता पुन्हा ७५ युरो भरून नवा अर्ज, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. दाव्याला लागणारे महिने पाहता सत्र हातचं गेलेलंच असतं. त्यामुळे पहिलाच अर्ज पक्का करा: अभ्यासक्रम आधीच्या शिक्षणाशी कसा जुळतो हे उद्देशपत्रात विषयांच्या नावांसह लिहा, मधल्या रिकाम्या वर्षांचे पुरावे जोडा, आणि प्रवास विमा पोहोचण्याच्या तारखेपासून विद्यार्थी विमा सुरू होईपर्यंत सलग आहे ना ते तारखा लावून तपासा.