फिव्हर ट्री कुंडीत मरतं ते पाण्यावाचून

बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘आफ्रिकेचं काटेरी फिव्हर ट्री हे वाळवंटी झाड. कुंडीत महिन्यातून एकदाच पाणी द्या, खोडाला गेरू लावा, दर पंधरवड्याला युरिया घाला, मुळांना हात लावू नका. घराजवळ मात्र नको, ताप येतो.’ यातलं एकही विधान खरं नाही. पहिल्यामुळे तर चांगली रोपं हकनाक जातात.

काटे दिसले की झाड कोरडवाहू, असं आपण धरूनच चालतो. पण या झाडाची रानं आहेत केनियात नैवाशा आणि नाकुरू तळ्यांच्या काठी, दक्षिण आफ्रिकेत लिंपोपो नदीच्या पुराच्या पट्ट्यात. म्हणजे ओलीच्या जागी. काटे असतात ते पाला ओरबाडणाऱ्या जनावरांना अडवायला. जिराफ आणि हत्ती तरीही खातातच. जमिनीत मुळं ओलीमागे खोल जातात, कुंडीत कुठे जाणार? उन्हाळ्यात उथळ कुंडीला रोज पाणी हवं, रखरखीत दिवशी दोनदा. तळाचं भोक मोकळं ठेवा, मातीत जाड रेती किंवा वीटचुरा मिसळा. पानगळ झाली की पाणी कमी करा, बंद नको. संध्याकाळी पानं मिटतात ती सुकली म्हणून नव्हे, सकाळी उघडतात. आणि ऊन पूर्ण हवं. दिवाणखान्यात हे झाड नुसतं लांबुडकं होतं.

तापाचा आळ जुना आहे. सखल, दलदलीच्या भागात या झाडांजवळ मुक्काम केला की युरोपीय प्रवासी तापाने फणफणायचे आणि दोष झाडाला द्यायचे. तो ताप मलेरियाचा होता, पाणथळीतल्या डासांमुळे येणारा. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेतच डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. इतक्या वर्षांनीही झाडाला बोल लावणं मला खरंच खटकतं. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी तेवढं ओतून टाकत जा.

गेरू तर अजिबात नको. खोडावरची पिवळी भुकटी बोटाने पुसून बघा, खाली हिरवीगार साल दिसेल. त्या सालीत हरितद्रव्य असतं, पानं नसतानाही ती अन्न तयार करते. गेरूने तिचा उजेड तुटतो.

युरियाचंही तेच. झाड शेंगवर्गातलं, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मिळवून देतात. वरून युरिया ओतलात तर गाठी नीट धरत नाहीत आणि फांद्या लुसलुशीत सुटतात. मूठभर कुजलेलं शेणखत पुरे.

मुळं छाटावीच लागतात, नाहीतर ती कुंडीच्या कडेने गोल गोल गुंडाळत जातात. सोटमूळ रोप लहान असतानाच कापा. पुढे कुंडी बदलताना, थंडी ओसरून फांद्यांवरचे डोळे (कोंब) फुगू लागले की, एक तृतीयांशापर्यंत मुळं काढा; गाठी असलेली तंतुमुळं शक्य तेवढी राखा. मग नवे फुटवे येईपर्यंत कुंडी अर्धसावलीत ठेवा. हातमोजे जाड चामड्याचेच घाला, कारण जोडीने येणारे ते सरळ पांढरे काटे कापडातून थेट बोटात शिरतात.