पंपाची सवय लागत नाही, सूज परत येते

दम्याच्या पंपाबद्दलचा एक मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. म्हणणं असं: पंपात स्टेरॉइड असतं, त्याची सवय लागते, हाडं ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते, म्हणून धाप लागली तरच घ्यावा, एरवी गोळीवर भागवावं. हेच वाचून माझ्या आईने गेल्या हिवाळ्यात पंप कपाटात टाकला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा ओढायचा, म्हणजे १२० मात्रांचा पंप महिन्यात संपायला हवा. दोन महिन्यांनी मी पाहिलं तर पंपाच्या खिडकीत आकडा होता १०४. त्याच आठवड्यात मध्यरात्री तिला दवाखान्यात वाफ द्यावी लागली.

‘धाप लागली तरच’ हे सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते, धाप नसते त्या दिवशीही. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, आवळलेल्या नळ्या काही मिनिटांत सैल करतो. सूज तशीच राहते. ती उतरवतं स्टेरॉइड, पण रोज घेतलं तर आणि हळूहळू. म्हणून तर २०१९ पासून ‘जिना’ या दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं सांगतात. (ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड आणि नळ्या सैल करणारं फॉर्मोटेरॉल असा जोडपंप धाप लागल्यावरही देतात, पण तो कसा घ्यायचा हे डॉक्टरांनी ठरवायचं.)

सवय लागते? बीपीची गोळी सोडली की बीपी वाढतं, तिला कुणी व्यसन म्हणत नाही. पंप सोडला की सूज परत येते, तेही तसंच. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. स्टेरॉइडचा पंप वर्षात जितका जास्त वापरला गेला तितके दम्याचे मृत्यू कमी, दर जादा पंपामागे सुमारे २१ टक्के. आणि पंप बंद केल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचं प्रमाण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त. सुटत नाही असंही नाही: साधारण तीन महिने दमा आटोक्यात राहिला की डॉक्टर मात्रा उतरवत आणतात.

गोळी बरी, हे तर उलटंच आहे. दमा उसळला की प्रेडनिसोलोन देतात, तेही स्टेरॉइडच, रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत, आणि ते रक्तातून अंगभर फिरतं. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, मिलिग्रॅमचा हजारावा भाग. दोन्हींची ताकद सारखी नाही, त्यामुळे नुसता भागाकार चालणार नाही. पण पंपातलं औषध थेट नळ्यांत जातं, आणि ब्युडेसोनाइडचा गिळला गेलेला बहुतेक भाग यकृतच निकामी करतं. रोजचा पंप चुकवणारेच वरचेवर गोळ्यांच्या कोर्सवर येतात. व्यायामशाळेत स्नायू फुगवायला घेतात ते स्टेरॉइड मुळात वेगळं.

उंचीच्या भीतीत थोडं तथ्य आहे, ते लपवू नये. अमेरिकेत लहानपणी रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड घेतलेली मुलं मोठेपणी सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी उंच निघाली. सव्वा सेंटीमीटर आणि रात्र-रात्र उठून बसलेलं मूल, यांत मला निवड अवघड वाटत नाही. मोठ्या मात्रा वर्षानुवर्षं घेतल्या तर हाडांना आणि डोळ्यांना धोका असतो, म्हणून भागेल तितकी कमीत कमी मात्रा द्यायची असते.

खरा रोजचा त्रास म्हणजे तोंडात पांढरी बुरशी आणि बसलेला आवाज. त्यावर उपाय म्हणजे स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) लावून ओढणं आणि नंतर चूळ भरून थुंकणं. आईचा पंप आता बेसिनवर, टूथब्रशशेजारी असतो. काल रात्री, एकोणिसाव्या दिवशी, आकडा ४४ होता.