मुलं रमतात, पण कशात?
तुमच्या लेखात म्हटलंय की प्राथमिकच्या वर्गात टॅब आले की मुलं आपोआप रमतात. रमतात, वादच नाही! पण प्रश्नमंजुषेच्या ॲपवर दुसरीतलं पोर काय करतं ते शेजारी बसून बघा. चारही पर्यायांवर टकाटक बोट मारायचं, हिरवी खूण आली की पुढे. शेवटी तारे सगळे मिळतात, पण हातचा का घेतला विचारलं की गप्प.

याउलट स्क्रॅच ज्युनिअर घ्या, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरची चित्रं हलवायचं, लहानग्यांचं प्रोग्रॅमिंगचं ॲप. २०१४ साली पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आलेलं, तेही फुकट. मांजराला झाडापाशी न्यायचं तर पावलांचा आकडा मुलालाच टाकावा लागतो. चुकला की मांजर झाडाच्या पार पलीकडे! मग चौकटी मोजणं, वजाबाकी, शेजारच्याशी वाद हे ओघानेच येतं. (म्हणूनच एका टॅबवर दोघं बसवावीत, असं माझं मत.)

अक्षरं गिरवायला मात्र पाटी-पेन्सिलच हवी. काचेवर बोट फिरवून पेन्सिलीची पकड बसत नाही.

बाकी लेख आवडला. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला एकाच ओळीत गुंडाळलंत, त्यावर सविस्तर लिहा की.