पाटा वाढवला म्हणून पासिंग वाढत नाही
दांडिया बाजारातल्या आपल्या ग्रुपवर फिरतंय: ‘पिकअपला मागे एक पाटा (स्प्रिंगची पट्टी) वाढवा, दीड टनाऐवजी दोन टन बिनधास्त भरा. सायलेन्सर मोकळा करून कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) लावला की अ‍ॅव्हरेजही वाढतं.’

मंडळी, पाट्याने गाडी मागून बसत नाही, एवढंच. ब्रेक, अ‍ॅक्सल, टायर तेच, आणि आरसी बुकातलं वजनही, म्हणजे पासिंग, तेच. जादा मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. आणि रिकामी गाडी एकदा स्पीडब्रेकरवरून न्या, कंबरच सांगेल! उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ, तिच्यात ऑक्सिजन कमी. मोकळ्या सायलेन्सरने नक्की वाढतो तो आवाज. शेजाऱ्यांनी तसा सायलेन्सर लावला होता. पहाटे पाचला अख्खी पोळ (गल्ली) जागी व्हायची.