जगातला सर्वोत्तम बर्फ

अमेरिकेतल्या युटा राज्यात बऱ्याच गाड्यांच्या नंबरप्लेटवर छापलेलं असतं, 'जगातला सर्वोत्तम बर्फ'. मंगळवारी संध्याकाळी माझ्या गाडीची ती पाटी त्याच सर्वोत्तम बर्फाखाली गाडली गेली होती. ड्राइव्हवे उपसून झाला, कंबर जरा सरळ केली, तोच बर्फ सारणारा ट्रक घरघरत आला आणि रस्त्यावरचा सगळा काळपट चिखलबर्फ माझ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढकलून गेला. गुडघाभर भिंत. वर ड्रायव्हरने हात हलवून 'हाय' केलं. नवरा घरात, पुण्याच्या टीमबरोबर कॉलवर. इथे संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ होते आणि याला हाक मारायची सोय राहत नाही.

फुटपाथवर टाकायचं जाडं मीठ माझ्या हातात होतं. ते जखमेवर चोळायला लगेच दोन मुलं हजर झाली.

पांढरा शर्ट, टाय, वर कोट आणि छातीवर 'एल्डर अमुक' अशी काळी पाटी (एल्डर ही त्यांच्या चर्चमधली पदवी). मिसरूड धड फुटलेलं नाही. ही मुलं मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे दारोदार फिरणारे धर्मप्रचारक, पण त्यांना मॉर्मन मिशनरी म्हणायची सोय नाही. त्यांच्या चर्चच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये सांगितलं की टोपणनाव नको, 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असं पूर्ण नाव घ्या. शून्याखालच्या थंडीत तेवढं म्हणेपर्यंत दात वाजायला लागतात, म्हणून मी 'मुलं' म्हणते.

मुलगे अठराव्या वर्षापासून 'मिशनवर', म्हणजे धर्मप्रचाराला, जाऊ शकतात, दोन वर्षांसाठी. मुली दीड वर्षासाठी. पगार नाहीच, उलट अमेरिकेतल्या घरच्यांनी महिन्याला ५०० डॉलर भरायचे. साडेसहाला उठायचं, साडेदहाला झोपायचं, प्रेमबीम बंद, आणि सोबतीला दिलेल्या जोडीदार-प्रचारकाच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्याबाहेर जायचं नाही. आमच्याकडे एवढ्या अटींवर कोणी सूनही आणत नाही.

"किती सुंदर संध्याकाळ आहे ना, मॅम!" थोरला म्हणाला.

मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"ट्रक आला म्हणजे रस्ता मोकळा झाला! काही गल्ल्यांत तो येतच नाही."

"माझी कंबर गेली."

"पण काम झाल्यावर गेली!"

"गाडी दिसतसुद्धा नाही."

"मग चोरालाही दिसणार नाही!"

यात टोमणा असता तर मला चाललं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. हा मनापासून बोलत होता. त्याने फावडं मागितलं, मी म्हटलं एकच आहे. तर म्हणतो, "फारच छान! म्हणजे आमच्यातला एक जण तुमच्याशी बोलायला मोकळा राहील." आणि फावडं धाकट्याच्या हातात दिलं.

धाकटा ॲरिझोनाच्या वाळवंटातला. त्याने जन्मात बर्फ उपसला नव्हता हे पहिल्याच फावड्याला कळलं. वारा कुठून येतो न बघता त्याने तो भिरकावला आणि निम्मा स्वतःच्या टायवर घेतला. त्याची कहाणी थोरल्यानेच सांगितली. कुठे जायचं हे आपल्याला निवडता येत नाही, चर्च कळवतं. पत्र उघडायला अख्खं घर जमतं, केक कापतात, मावश्या-काका व्हिडिओवर येतात. याच्या एका मित्राला इटली मिळाली, दुसऱ्याला ताहिती. याने पत्र उघडलं, तर युटा. राज्याची हद्द ओलांडली की शेजारचं राज्य. आणि तेही असं की दार उघडणारा बरेचदा हसून म्हणतो, "बाळांनो, आम्ही आधीच तुमच्यातले." कोळशाच्या खाणीत कोळसे विकायला पाठवल्यासारखं!

"इतका आनंद झाला होता याला," थोरला म्हणाला.

धाकट्याने मान हलवली. होकारार्थी होती की मानेत बर्फ गेला होता, सांगता येणार नाही.

माझ्या दारावरचं तोरण आणि आतला गणपती बघून हे दोघे का थबकले तेही मग कळलं. अख्ख्या गल्लीत 'आधीच तुमच्यातले' नसलेलं घर आमचंच.

"मॅम, आज तुम्ही कशाकशासाठी कृतज्ञ आहात? तीन गोष्टी सांगा ना."

मला घाम फुटला. आपल्यात कोणी 'कसं काय?' विचारलं तर 'चाललंय आपलं' म्हणतात. फारच चांगलं चाललं असेल तर 'बरं चाललंय', तेही आवाज उतरवून, नजर लागू नये म्हणून. माझ्या आईला लॉटरी लागली तरी ती आधी टॅक्स किती कापला ते सांगेल. अशा घराण्यातल्या बाईला बर्फात उभं करून तीन गोष्टी विचारतात?

"फावडं," मी म्हटलं.

"सुंदर! दुसरी?"

"फावडं तुमच्या हातात आहे."

"वा! आणि तिसरी?"

तिसरी मला सुचेना आणि तो हलेना. डोळे मोठे करून, मान तिरकी करून थांबून राहिला. शाळेत तोंडी परीक्षेला बाई थांबायच्या तितका वेळ. शेवटी मी "चहा टाकते" म्हणून सुटका करून घ्यायला निघाले, आणि नवीनच पंचाईत झाली. यांना चहा चालत नाही. १८३३ च्या एका धर्मवचनावरून दारू, तंबाखू, चहा, कॉफी बंद. मूळ वचन 'गरम पेयं' वर्ज्य करतं, पण गरम कोको चालतो आणि बर्फ घातलेला थंडगार चहा चालत नाही. दारात आलेल्या पोराला चहा द्यायचा नाही म्हणजे मराठी बाईचे हातच बांधून टाकले. शेवटी दूध तापवलं, त्यात हळद, मिरपूड, सुंठ. थोरल्याने घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. बराच वेळ शोधून म्हणाला, "हे... खूप पिवळं आहे. मला पिवळा रंग फार आवडतो."

मला खरा राग या पोराचा नव्हताच. आमच्या ऑफिसात 'कृतज्ञता' नावाचा चॅट-ग्रुप आहे. दर शुक्रवारी प्रत्येकाने काहीतरी लिहायचं, नाही लिहिलं तर मॅनेजर लाडाने आठवण करतो. गेल्या महिन्यात ज्यांना काढलं त्यांत माझ्या शेजारी बसणारा एक मराठी मुलगा होता. एच-वन-बी व्हिसा. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर चंबूगबाळं आवरा. बायकोला सातवा महिना. त्याने जाताना त्याच ग्रुपवर लिहिलं, 'या प्रवासासाठी मनापासून कृतज्ञ'. खाली बदाम, टाळ्या, हात जोडलेले. ज्याने काढलं त्याचाही बदाम. तो मुलगा तरी काय करणार, पुढच्या कंपनीला याच साहेबाचं शिफारसपत्र लागणार. मी बदाम दिला नाही. एवढंच माझं बंड.

आणि पलीकडच्या बाई. त्यांचा मुलगा मिशनवर फिलिपिन्सला. दर आठवड्याला त्याची मेल येते आणि ती त्या मला कुंपणावरून वाचून दाखवतात. त्याला डेंग्यू झाला तेव्हा मेलमध्ये होतं, 'हॉस्पिटलमधल्या नर्सशी छान ओळख झाली'. सायकल चोरीला गेली तेव्हा, 'आता चालताना जास्त लोक भेटतात'. बाई वाचताना हसतात, मोबाईल खिशात ठेवतात आणि मग उगाच कचऱ्याचा डबा इकडून तिकडे सरकवत राहतात. २०१९ पर्यंत या मुलांना घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डेला. आता दर आठवड्याला करता येतो. मेलमध्ये डेंग्यू लपतो, फोनवर आवाज लपत नाही. ज्याने ही परवानगी दिली त्याचे मात्र मी आभार मानायला तयार आहे. घ्या तिसरी गोष्ट.

तर दूध पिऊन थोरल्याने फावडं घेतलं आणि भिंतीवर तुटून पडला. गडी कामाचा होता, खोटं कशाला बोला. इतक्यात समोरच्यांनी बर्फ उडवून टाकणारं यंत्र, स्नोब्लोअर, सुरू केला. कानठळ्या बसवणारा आवाज. जोडीदार नजरेच्या टप्प्यात होता, हाकेच्या मात्र नव्हता. धाकटा ती संधी साधून माझ्याजवळ सरकला.

"मॅम," तो घाईघाईने म्हणाला, "तुमच्याकडे कोरडे मोजे असतील का?"

मी खाली बघितलं. ऑफिसला घालतात तसे चामड्याचे काळे बूट, शिवणीपाशी उसवलेले. पाऊल टाकलं की आतून पाणी 'पच्' करून वर यायचं. हा मुलगा दुपारपासून असाच हिंडत होता.

"त्याला का नाही सांगितलंस?"

"तो म्हणेल, निदान पाय तरी आहेत."

एवढं बोलून तो हसला, आणि संध्याकाळपासून पहिल्यांदा मला त्या दोघांतलं कोणीतरी आवडलं. आत जाऊन नवऱ्याचे लोकरीचे जाड मोजे काढले, महागातले, जे तो 'खास थंडीसाठी' म्हणून थंडीतही घालत नाही. धाकट्याने पायरीवर बसून बूट काढले. बोटं पांढरीफटक पडली होती, सुरकुतलेली. मोजे चढवताना त्याने डोळे मिटले आणि तोंडातून जो 'आह' निघाला त्यात कृतज्ञताबितज्ञता काही नव्हती, निव्वळ सुख होतं.

स्नोब्लोअर थांबला. थोरल्याने वळून बघितलं.

"बघितलंस, एल्डर!" तो आनंदाने ओरडला. "आज सकाळीच आपण प्रार्थना केली होती! देवाने मोजे पाठवले!"

आता बोला. मोजे नवऱ्याचे, पैसे माझ्या कार्डावरचे, कपाटातून शोधले मी, आणि पाठवले देवाने! आमच्या सासूबाईंनी पुरणपोळीचं श्रेय पुरणयंत्राला दिलं होतं तेव्हाही माझा इतका तिळपापड झाला नव्हता.

भिंत साफ झाली होती. थोरल्याने फोन काढून आमचा पत्ता नोंदवला आणि म्हणाला, "पुढच्या मंगळवारी येऊ का, मॅम? तोवर तुम्ही दहा गोष्टींची यादी करून ठेवा."

या म्हटलं. आणि येताना मोजे धुऊन आणा, ते देवाच्या कपाटातले नाहीत.