बॅटरीला केळीचा रस फासण्याआधी

‘ई-स्कूटर किंवा फवारणी पंपाच्या बॅटरीला केळीच्या खांबाचा रस लावा, ती कधीच पेटणार नाही. संशोधनानं सिद्ध झालंय. नैसर्गिक आहे, अपाय नाही. कंपन्या लपवतात. रस लावून बिनधास्त घरात चार्जिंगला ठेवा.’ हा मजकूर आपल्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर फिरतोय. अकोट-अंजनगावकडं केळीच्या खांबांना तोटा नाही. कुणीतरी करून बघेलच. म्हणून एकेक दावा तपासू.

संशोधनानं सिद्ध झालंय? झालंय, पण सुती कापडावर. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या, म्हणजे ‘सिरकॉट’मधल्या शास्त्रज्ञांनी ते काम केलं. कापूस जळत राहायला हवेत साधारण १८ टक्के ऑक्सिजन पुरतो आणि आपल्या हवेत तो २१ टक्के असतो, म्हणून कापूस भडकतो. रसाची प्रक्रिया केलेल्या कापडाला ३० टक्क्यांच्या आसपास लागतो, त्यामुळं साध्या हवेत त्याची ज्योत टिकत नाही. पण त्या कापडाला आधी टॅनिक आम्ल आणि तुरटी दिली होती. खांब ठेचून फासला असा तो प्रकार नव्हता.

आता बॅटरी. लिथियम बॅटरीची आग बाहेरून लागावी लागत नाही. आतला सेल बिघडला, शॉर्ट झाला की उष्णता साचते. १३० अंशांच्या आसपास दोन ध्रुवांमधला प्लास्टिकचा पातळ पडदा वितळतो आणि ते एकमेकांना भिडतात. पुढं काही प्रकारच्या सेलमध्ये धन ध्रुवाचा पदार्थच ऑक्सिजन सोडतो, आणि शेजारी ज्वलनशील द्रव भरलेलाच असतो. डब्याच्या बाहेर लावलेला रस तिथं पोचणार कसा?

‘नैसर्गिक, म्हणून अपाय नाही’ हे तर उलटंच आहे. त्या रसात क्षार असतात आणि ओला असताना त्यातून वीज वाहते. टर्मिनलवर गेला तर गंज धरेल, कनेक्टरमध्ये शिरला तर शॉर्ट करेल. म्हणजे जे टाळायचं तेच घडवून आणायचं!

वनस्पतींचा उपयोगच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तांदळाच्या कोंड्यात फायटिक आम्ल असतं, त्यात फॉस्फरस भरपूर. तापल्यावर ते कापूस-लाकडासारख्या पदार्थांवर कोळशाचा थर धरायला लावतं आणि ज्वाळेला इंधन कमी मिळतं. आपण धुऱ्यावर पेटवून देतो त्या पऱ्हाटीतलं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांतलं लिग्निनही (लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ) असाच थर धरतं. बॅटरीचं प्लास्टिकचं आवरण, फोम, आतला पडदा यांत असे पदार्थ मिसळायचं काम प्रयोगशाळांमध्ये सुरू आहे. पण ते बनवतानाच मिसळावे लागतात आणि मग चाचणी होते. प्लास्टिकच्या एका प्रचलित चाचणीत तर जळत्या नमुन्याखाली ३०० मिलिमीटरवर कापूस ठेवतात. टपकलेल्या थेंबानं तो पेटला, की वरचा दर्जा गेला.

कंपन्या लपवतात म्हणे. सिरकॉट सरकारी संस्था आहे आणि तिचं हे काम छापलेलं आहे. देशात ई-स्कूटरना आगी लागल्यावर एआयएस-१५६ हे बॅटरीचे नियम कडक झाले, १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं लागूही झाले. तेही सगळं जाहीर आहे.

सगळ्यात घातक ते शेवटचं वाक्य. भाव येईल म्हणून आपल्याकडं कापूस मार्च-एप्रिलपर्यंत घरातच भरून असतो. ढीग छताला टेकलेला, अंगाला खाज सुटलेली, आणि घरातला मोकळा प्लग नेमका त्याच खोलीत. पंपाची बॅटरी रात्रभर तिथंच लावलेली असते. रस लावा न लावा, ती तिथून हलवा: ओसरीत, फरशीवर, सावलीत, मूळच्याच चार्जरनं, जागं असताना. उन्हातून आलेली बॅटरी आधी निवू द्या. फुगलेली असेल तर लावूच नका. धूर निघायला लागला तर जमत असेल तरच लांबून मेन स्विच बंद करा आणि पोरंबाळं घेऊन बाहेर पडा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असू शकतो.